शब्दचर्चा : मायलिनीभवन, मायलिनवेष्टन की आणखी काही?

गर्भातल्या बाळाच्या चेतातंतूंवर मायलिन, म्हणजे चरबीदार आवरण, कसं येतं, यावर लिहिते आहे. 'मायलिनीभवन' असं लिहून ठेवलंय, पण खटकतंय. का ते नीट सांगता येत नाही.

— खटकायलाच हवं. बाष्पीभवनात पाण्याचीच वाफ होते. 'ईभवन' लागलं की मूळ वस्तू पालटते. इथे तंतूचं मायलिन होत नाही. तंतू तंतूच राहतो, शेजारची पेशी त्याला वेढे घालते. नसांमध्ये श्वान (Schwann या शास्त्रज्ञाच्या नावाची) पेशी तंतूच्या एकाच तुकड्याला बिलगते. मेंदूत आणि मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाची पेशी अनेक फाटे पसरून कितीतरी तंतूंना एकदम धरते. पेशीचं पटल तंतूभोवती फिरत राहतं, मधला पेशीरस पिळून निघतो आणि चरबीदार पदर घट्ट बसतात. म्हणून 'मायलिनवेष्टन'. वाक्यात सरळ 'तंतूला मायलिनचे वेढे पडतात' लिहा.

'मायलिनची पुटं चढतात' चालेल? ऐकायला फार छान वाटतं.

— छान आहे, पण चुकीचं चित्र उभं राहील. पुट बाहेरून चढतं. इथे नवा वेढा सगळ्यांत आत, थेट तंतूला लागून सरकतो आणि जुने बाहेर राहतात. 'वेढा' शब्दाला आतबाहेरची अट नाही.

— मी 'मज्जावरण' सुचवणार होतो.

— तो मात्र नको. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ फिरखो यांनी 1854 मध्ये 'मायलिन' हे नाव ग्रीक 'मायेलॉस'वरून, म्हणजे मज्जेवरूनच दिलं, हे खरं. पण मज्जा म्हणजे हाडातला गाभा, आणि मायलिन तर तंतूची साल. त्यात आपल्याकडे मज्जातंतू, मज्जारज्जू, अस्थिमज्जा आधीच आहेत. 'मज्जातंतूचं मज्जावरण' वाचून माणूस अडखळेल.

पटलं. शेवटचं एक विचारते, 'जन्मतः हे वेष्टन अपूर्ण असतं' हे वाक्य बरोबर आहे ना?

— माहिती बरोबर, शब्द बदला. 'अपूर्ण' वाचून आईबापांना बाळात खोट आहे असं वाटेल. 'जन्मानंतरही चालू राहतं' लिहा. गर्भारपणाच्या मध्यावर मज्जारज्जूकडे सुरू झालेलं हे काम मेंदूच्या पुढच्या भागात विशी उलटली तरी चालू असतं. तान्ह्या बाळाच्या तळव्याच्या बाहेरच्या कडेवरून बोट ओढलं की पायाचा अंगठा वर उठतो. मेंदूतून मज्जारज्जूत उतरणाऱ्या तंतूंना वेढे पडत गेले की वर्षा-दोन वर्षांत तोच अंगठा खाली वळू लागतो.