एंटर द गंजन: दुसऱ्या मजल्यावरच्या बॉससाठी मदत हवी आहे

मंडळी, एंटर द गंजन खेळणारं कुणी आहे का इथे? २०१६ चा तो पिक्सेल आर्टवाला शूटर, ज्यात शत्रूसुद्धा चालत्या-फिरत्या गोळ्याच असतात, मला तर जाम आवडलाय. मी आणि धाकटा भाऊ इंदूरला घरी एकाच लॅपटॉपवर को-ऑप (दोघं मिळून) खेळतो, तो कंट्रोलरवर कल्टिस्ट (दुसऱ्या खेळाडूचं पात्र) घेऊन आणि मी कीबोर्डवर. पहिला मजला आता नीट निघतो, पण दुसऱ्यावर बिहोल्स्टर हा बॉस (मजल्याच्या शेवटचा मोठा शत्रू) आला की संपलंच, सहा हातांत सहा बंदुका आणि वरून डोळ्यातून लेसर, बाकी खोल्यांत निदान टेबल उलटं करून आडोसा तरी घेता येतो. डॉज रोलमध्ये (गोळ्या चुकवायला मारायची कोलांटी) हवेत असेपर्यंत गोळी लागत नाही हे माहितीये, पण जमिनीवर आलो की लागतेच, मग रोल गोळ्यांच्या दिशेने मारायचा की बाजूला? ब्लँक (वापरला की आजूबाजूच्या शत्रूच्या गोळ्या गायब होतात) लेसरसाठी राखून ठेवायचे की गोळ्यांची गर्दी झाली की लगेच वापरायचे? आणि दोघांनी जवळजवळ राहायचं की दोन बाजूंना? एक जण मेला की त्याला जिवंत करण्यात बंदुका-वस्तू देणारी पुढची पेटी जाते, म्हणून दोघंही वाचणं फार गरजेचं आहे. भाऊ पुढच्या आठवड्यात पुण्याला हॉस्टेलवर परत जातोय, त्याआधी हा बॉस पाडायचाच आहे. ज्यांनी को-ऑपमध्ये पाडलाय त्यांनी प्लीज जरा सविस्तर सांगा.