ग्राहकागणिक फरक: आधी फीचर मॉडेल की थेट क्लास?

गोदाकाठ
नाशिक परिसरात द्राक्षांची पॅकहाऊस, कांदा व्यापारी, बेदाणा शेड यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या टीम आहेत. मूळ कोड एकच, फरक ग्राहकागणिक. माझं ठाम मत आहे की हा फरक क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या साच्यांमध्ये, कोंबण्याआधी फीचर मॉडेल काढलंच पाहिजे. फीचर मॉडेल म्हणजे उत्पादनात कुठली वैशिष्ट्यं (फीचर) असू शकतात आणि कुठली एकत्र चालतात, हे दाखवणारी झाडासारखी आकृती.

हिशोबपट्टी घ्या. माल कांदा, द्राक्ष किंवा बेदाणा. विक्री देशी किंवा निर्यात. व्यवहार रोख किंवा उधार. प्रत्येक मेळासाठी सबक्लास (मूळ क्लासवरून काढलेला वेगळा क्लास) काढलात तर १२ होतात. वजनकाटा थेट जोडायचा की नाही, एवढं एक वाढलं की २४. मॉडेलमध्ये मात्र एक फांदी वाढते. क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत मांडली. काही फीचर अनिवार्य, काही ऐच्छिक, काही गटांतून एकच निवडायचं. शिवाय फांद्यांना आडवे छेदणारे नियम: हे घेतलं तर ते लागतंच, हे असेल तर ते चालत नाही. युरोपला द्राक्ष निर्यात निवडली की अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवरची बागेची नोंदणी लागते. हा नियम कुठल्या क्लासमध्ये लिहिणार?

अंबड_बॅकएंड
१२ सबक्लास काढतोच कोण? इनहेरिटन्सपेक्षा (क्लासवरून क्लास काढण्यापेक्षा) कंपोझिशन (छोटे तुकडे जोडणं) बरं, हे 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकाच्या चार लेखकांनी १९९४ मध्येच सांगितलंय. पैसे कसे घ्यायचे हा एक इंटरफेस (तुकडा जोडायची ठरलेली जागा), वजन कसं घ्यायचं हा दुसरा. ग्राहक बघून ऑब्जेक्ट जोडायचे. सात-आठ छोटे क्लास पुरतात. आणि तुमचा नियम मी कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडमध्ये, लिहीन. नोंदणी क्रमांक दिला नाही तर कोड कंपाइलच होणार नाही. आकृतीला अशी चूक पकडणारा कंपाइलर कुठे असतो?

मला खरी भीती आकृती शिळी होण्याची वाटते. फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. अशा वेळी ग्राहकांचे फोन थांबत नाहीत. कोड त्याच रात्री बदलतो, आकृतीकडे कुणी फिरकत नाही. सहा महिन्यांनी नवीन मुलगा येतो, तीच आकृती खरी मानतो आणि चुकीचं काम करतो. त्यापेक्षा आकृती नसलेली परवडली.

गोदाकाठ
कंपाइलर नाही, हे मला मान्य नाही. फीचर मॉडेल म्हणजे तर्कशास्त्रातलं एक सूत्र असतं, हे संगणकशास्त्रज्ञ डॉन बॅटोरी यांनी २००५ मध्ये दाखवलं. ते सॅट सॉल्व्हरला, म्हणजे अशी सूत्रं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलं की एखादी निवड वैध आहे का आणि एखादं फीचर कुठल्याच उत्पादनात येऊ शकत नाही का, हे कळतं. फीचरआयडीई नावाचं साधन हे काम फुकट करतं. तुमचा कन्स्ट्रक्टर फक्त स्वतःच्या क्लासपुरतं बोलतो. स्क्रीन, डेटाबेस आणि रिपोर्ट यांच्यामध्ये पसरलेला नियम त्याच्या हातात नाही.

अडतीचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. 'अडत कोणाकडून' हा पर्यायी गट आधीच असता तर २०१६ मध्ये फक्त निवड बदलावी लागली असती, आणि जुन्या पट्ट्या जुन्या नियमाने छापता आल्या असत्या.

सातपूर_टेस्टर
टेस्टिंगच्या बाजूने मी गोदाकाठसोबत. एकमेकांवर अवलंबून नसलेली १० ऐच्छिक फीचर असली तर १,०२४ मेळ होतात. ३३ झाली तर ८५८ कोटींच्या वर, म्हणजे जगाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. सगळं कोण तपासणार? आम्ही दोन-दोन फीचरच्या जोड्या निदान एकदा तरी तपासल्या जातील असे मेळ निवडतो. पण कुठली जोडी मुळात शक्यच नाही, हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं. नाहीतर कधीच विकलं न जाणारं उत्पादन तपासण्यात दिवस जातो.

मखमलाबादकर
दोघांनी लिनक्स कर्नेलकडे (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) पाहावं. हजारो पर्याय, पण सगळे केकॉन्फिग या पर्याय लिहायच्या पद्धतीच्या साध्या मजकुरी फायलींत, कोडच्या शेजारी. एकाच कमिटमध्ये (बदलाच्या एकाच नोंदीत) दोन्ही बदलतात, त्यामुळे शिळेपणाचा प्रश्न बराच कमी होतो. तरी तेही निर्दोष नाही. त्यातला 'सिलेक्ट' एखादा पर्याय जबरदस्तीने चालू करतो आणि त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी बघतच नाही. जपून वापरा, असं त्यांच्याच दस्तऐवजात लिहिलंय.

अंबड_बॅकएंड
मजकुरी फाइल, आणि चुकीच्या निवडीवर बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार होणं) अडणार? एवढं मी स्वीकारतो. तीन ग्राहक असलेल्या टीमला मात्र अजूनही सांगेन, गरज नाही. आणि एक प्रश्न कुणीच घेतला नाही. 'उधार' हे झाडावर एक पान दिसतं, पण कोडमध्ये ते पट्टी, खातेवही, वसुली, रिपोर्ट, सगळीकडे शिरलेलं असतं. पान काढलं म्हणून कोड निघत नाही.

गोदाकाठ
हे खरं आहे, मॉडेल तो कोड गोळा करून देत नाही. त्यासाठी फीचर-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (प्रत्येक फीचरचा कोड एका जागी ठेवायची पद्धत) आहे, पण जावावर चालणाऱ्या छोट्या टीमला ते जड जाईल. निदान मॉडेलमधलं नावच टॉगलला (फीचर चालू-बंद करणाऱ्या कोडमधल्या खटक्याला) आणि टेस्टला द्या. 'उधार' शोधलं की सगळ्या जागा एका यादीत दिसतात. तीन ग्राहकांची टीम पाचव्या ग्राहकाच्या वेळी ती यादी शोधत बसते, म्हणून मी पहिल्यापासून म्हणतोय.