अमेरिकेत परराष्ट्र खर्चाचं विधेयक: समितीत मंजूर झाल्यावर ते जातं कुठे?

चौकस:
अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं ऑथरायझेशन विधेयक समितीत मंजूर झाल्याची बातमी येते आणि पुढे त्याचं नावही ऐकू येत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या सहीपर्यंतचा रस्ता नेमका कसा असतो? आणि सही झाली की खात्याला पैसे मिळतात का? विधेयकात आकडे तर दिलेले दिसतात.

दप्तरी:
शेवटचं आधी सांगतो. सहीने पैसे मिळत नाहीत. ऑथरायझेशन म्हणजे अमुक कामासाठी अमुक रकमेपर्यंत तरतूद करायला मुभा. तिजोरी उघडते ती अ‍ॅप्रोप्रिएशन, म्हणजे प्रत्यक्ष तरतुदीच्या, कायद्याने, आणि तो वेगळ्या समित्या लिहितात. त्यामुळे शंभर ऑथराइझ होऊन हाती साठ पडणं यात नवल काही नाही.

आता रस्ता. हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) कनिष्ठ सभागृहात, विधेयक फॉरिन अफेअर्स कमिटीकडे जातं. तिथे 'मार्कअप' होतो, म्हणजे दुरुस्त्या मांडून त्यावर मतदान. मग समितीचा अहवाल आणि काँग्रेशनल बजेट ऑफिसचा खर्चाचा अंदाज. सभागृहात यायला मुख्यतः दोन वाटा. रूल्स कमिटीकडून चर्चेचे नियम ठरवून घेतले तर साधं बहुमत पुरतं. नियम स्थगित करून आणलं तर ४० मिनिटं चर्चा, सभागृहातून दुरुस्ती नाही, आणि दोन तृतीयांश मतं लागतात. वाद नसलेली विधेयकं या दुसऱ्या वाटेने सुटतात.

सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, फॉरिन रिलेशन्स कमिटी. चर्चा बंद करायला ६० मतं लागतात आणि त्या सोपस्कारातच कित्येक दिवस जातात. बहुतेक विधेयकं इथेच अडकतात. कोणी ती पाडत नाही, फक्त बहुमताचा नेता त्यांना वेळच देत नाही.

दोन्ही सभागृहांत मजकूर शब्दन् शब्द सारखा व्हावा लागतो. मग राष्ट्राध्यक्षांकडे रविवार वगळून १० दिवस. सही नाही केली आणि काँग्रेस चालू असेल तर कायदा आपोआप होतो. तहकुबीमुळे विधेयक परत पाठवता येत नसेल तर मरतं, त्याला पॉकेट व्हेटो म्हणतात.

तळटीप:
वर पुस्तकातला रस्ता आला. गेली काही वर्षं गाडी वेगळ्याच रुळावरून जाते आहे.

नेहमीच्या पद्धतीचं, रकमांसकट शेवटचं परराष्ट्र ऑथरायझेशन २००२ साली झालं, २००३ या आर्थिक वर्षासाठी. परकीय मदतीची गोष्ट त्याहून जुनी. मूळ कायदा १९६१ चा आणि त्याचं शेवटचं सर्वंकष ऑथरायझेशन १९८५ चं! कारण म्हणजे अशा विधेयकांना चिकटणारे वाद. १९९८ मध्ये क्लिंटन यांनी असं एक विधेयक नाकारलं. परदेशांतल्या कुटुंबनियोजन संस्थांच्या मदतीवर गर्भपाताशी जोडलेल्या अटी त्यात होत्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या थकबाकीचा प्रश्नही त्याच गाठोड्यात बांधलेला होता.

२०१६ च्या डिसेंबरात एक कायदा झाला, पण तो मुख्यतः अधिकार आणि प्रशासनाबद्दल. मग २०२१ पासून युक्ती सापडली. परराष्ट्र खात्याचा मजकूर संरक्षण खात्याच्या वार्षिक ऑथरायझेशनला (एनडीएए) जोडायचा. ते विधेयक दरवर्षी पास होतंच. किंमत मात्र मोजावी लागते. एनडीएए लिहिणाऱ्या शस्त्रसेवा समित्यांच्या गाडीत बसायचं तर वादाचं सामान खाली ठेवावं लागतं, आणि मोठ्या रकमांचा तपशील बहुधा त्याच सामानात असतो. म्हणून बातमीत समितीतलं विधेयक 'गायब' झालं तर डिसेंबरात एनडीएएच्या मागच्या डिव्हिजन (मोठे विभाग) चाळा. २०२१ चं डिव्हिजन ई मध्ये होतं.

चौकस:
मग २००३ नंतरचा सगळा खर्च बेकायदा होता?

दप्तरी:
नाही, पण शंका रास्त आहे. परराष्ट्र खात्याच्या अधिकारांबद्दलच्या १९५६ च्या 'बेसिक ऑथॉरिटीज' कायद्याचं कलम १५ सांगतं की ऑथरायझेशनशिवाय परराष्ट्र खात्याने तरतुदीचा पैसा खर्चू नये. परकीय मदतीसाठी तसंच बंधन सार्वजनिक कायदा ९१-६७२ च्या कलम १० मध्ये आहे. तोड एका वाक्याची: या दोन्ही कलमांत काहीही असलं तरी निधी खर्चता येईल, असं अ‍ॅप्रोप्रिएशन कायद्यातच दरवर्षी लिहितात. विनाऑथरायझेशन तरतुदीवर हाउसच्या नियम २१ खाली हरकत घेता येते, पण रूल्स कमिटी तीही आधीच माफ करून ठेवते.

परिणाम असा की धोरणाच्या अटीसुद्धा आता अ‍ॅप्रोप्रिएशनवाले लिहितात. फॉरिन रिलेशन्स कमिटीला ते खुपतं, आणि माझ्या मते बरोबरच खुपतं.

तळटीप:
एक पुरवणी. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर तरतूद झाली नाही तर कंटिन्युइंग रेझोल्यूशनवर, साधारण मागच्या वर्षाच्या पातळीने, काम चालतं आणि नवे कार्यक्रम सहसा सुरू करता येत नाहीत. तरतूद झाल्यावरही परकीय मदतीचा बराच पैसा वापरण्याआधी काँग्रेसला १५ दिवसांची सूचना द्यावी लागते. त्या काळात संबंधित समितीचा अध्यक्ष किंवा विरोधी पक्षाचा ज्येष्ठ सदस्य 'होल्ड' घालू शकतो, म्हणजे तो पैसा अडवून धरू शकतो. होल्ड कायद्याने बंधनकारक नाही, प्रथा म्हणून पाळतात. आणि दिलेला पैसा परतही घेता येतो: २०२५ च्या जुलैत रिसिशन कायद्याने सुमारे ९०० कोटी डॉलर काढून घेतले, त्यातला मोठा भाग परकीय मदतीचा. त्याला सिनेटमध्ये ६० मतं लागत नाहीत, साधं बहुमत चालतं.