मदत हवी आहे: भाच्याला कबड्डी संघातून तोंडी बाहेर काढले आहे, लेखी आदेश मागावा का?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहतो. माझा भाचा बेळगावातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही आणि कोणी अंदाजही बांधू नये. ते राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न आहे, एवढी माहिती सल्ल्यासाठी पुरेशी ठरावी. भाचा कबड्डीत डावा कोपरा सांभाळतो, आणि यंदा विद्यापीठाच्या संघात निवड होऊन ‘युनिव्हर्सिटी ब्लू’ (विद्यापीठाकडून खेळणाऱ्याला मिळणारा मान) व्हावे, एवढ्यासाठी त्याने उन्हाळ्याच्या सुटीतही सराव चुकवला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी संघ सामन्यांसाठी निपाणीला गेला होता. रात्री मुक्कामाच्या हॉलमध्ये शेवटच्या वर्षाच्या दोघा खेळाडूंनी पहिल्या वर्षाच्या तिघांना गळ्यात बूट अडकवून उठाबशा काढायला लावल्या आणि प्रत्येक उठाबशीला ‘सॉरी अण्णा’ म्हणायला लावले. भाच्याने कोणाला काही करायला सांगितले नाही. मात्र मोबाईल त्याचा होता, चित्रीकरण त्याने केले, आणि त्या अडतीस सेकंदांत सर्वांत मोठ्याने ऐकू येणारे हसणे त्याचेच आहे. मी ती चित्रफीत दोनदा पाहिली. दुसऱ्या वेळी आवाज बंद करून पाहिली, तेव्हा लक्षात आले की मधला मुलगा बूट हनुवटीवर आपटू नये म्हणून तो एका हाताने धरून उठत-बसत होता. त्यामुळे ‘पोरांची मस्करी होती’ हे घरातले म्हणणे मला मान्य नाही आणि भाच्याला शिक्षा होऊ नये असेही माझे म्हणणे नाही.

माझी अडचण शिक्षेच्या स्वरूपाची आहे. चित्रफीत संघाच्या ग्रुपवरून बाहेर गेली, एका पालकाने तक्रार केली, आणि दुसऱ्या दिवशी फिजिकल डायरेक्टर (क्रीडा विभाग सांभाळणारे) सरांनी भाच्याला मैदानावरच सांगितले, ‘उद्यापासून येऊ नकोस, तू टीममध्ये नाहीस.’ किती दिवस, कोणत्या नियमाखाली, कोणाच्या निर्णयाने, यातले काहीही कागदावर नाही. ज्या दोघांनी उठाबशा काढायला लावल्या त्यांचे चेहरे चित्रफितीत आलेले नाहीत, फक्त आवाज आहेत. ते दोघे अजून खेळत आहेत आणि भाचा त्यांची नावे सांगायला तयार नाही. कबड्डीत पिवळे कार्ड दाखवले तरी खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसायचे आहे हे ठाऊक असते. इथे तेवढेही ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला अधिक काळजीची वाटते. कार्यालयात त्याच्याकडून एका कन्नड कागदावर सही घेण्यात आली. भाचा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला आहे. कन्नड तो बोलतो, वाचतोही, पण कार्यालयीन मजकूर त्याला सावकाश लागतो. हे माफीपत्र आहे, असे समजून त्याने सही केली. त्याने काढलेला फोटो मी एका कन्नड मित्राला दाखवला, तेव्हा त्याने सांगितले की शीर्षक ‘क्षमापणे’ असे नसून ‘तप्पोप्पिगे’ असे आहे, म्हणजे कबुलीजबाब, आणि ‘मी रॅगिंग केले आहे’ असे वाक्य त्यात स्पष्ट आहे. (कृपया या धाग्याला सीमावादाचे वळण देऊ नये. तक्रार करणारे पालक कन्नड आहेत आणि त्यांची तक्रार खरी आहे. उठाबशा काढायला लावणाऱ्या दोघांपैकी एक मराठी आहे.)

पुढील महिन्यात विद्यापीठाची निवड चाचणी आहे. तिच्या पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही लागते आणि ती मिळणार नाही, असे कार्यालयातील लिपिकाने तोंडीच सांगितले. महाविद्यालयाच्या संघातून काढल्यामुळे विद्यापीठासाठीची पात्रताही जाते का? लेखी आदेश मागण्याचा आम्हाला हक्क आहे का? आणि मागितल्याने नुकसान तर होणार नाही ना? त्याची आई, म्हणजे माझी बहीण, ‘गप्प बसा, वर्ष निघून जाईल’ असे म्हणते. मला ते पटत नाही, पण तिचेच बरोबर असेल तर तसेही सांगा.

उत्तर १ (निवृत्त फिजिकल डायरेक्टर, चिक्कोडी)

आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, त्या आधी सोडवू या. संघात कोणाला घ्यायचे हा निवडीचा प्रश्न आहे, आणि निवड हा कोणाचाही हक्क नसतो. मी स्वतः चांगल्या चढाईपटूंना सरावाला उशिरा आल्याबद्दल बाकावर बसवले आहे आणि त्यासाठी कधी कागद काढला नाही. पात्रता ही गोष्ट निराळी. भारतीय विद्यापीठ महासंघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी खेळाडू पूर्णवेळ नियमित विद्यार्थी असावा लागतो, वयाच्या मर्यादेत असावा लागतो, आणि ही माहिती खरी असल्याचे प्रमाणपत्र संस्थेला द्यावे लागते. भाच्याने या अटींपैकी एकही मोडलेली नाही, म्हणून कागदावर तो आजही पात्र आहे. तिसरी गोष्ट म्हणजे संस्थेची शिस्तभंगाची कारवाई. प्राचार्य पात्रता अर्जावर सही नाकारतात तेव्हा तो बाकावर बसवण्याचा प्रकार राहत नाही, ती शिक्षा होते. शिक्षेला आरोप, मुलाचे म्हणणे ऐकणे, कारण आणि मुदत हे सर्व लागते. सरांशी भांडू नका, ते बहुधा प्रकरण मैदानावरच मिटवू पाहत असावेत. अर्ज प्राचार्यांच्या नावे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.

उत्तर २ (वकिली करतो, बेळगाव)

वरील उत्तराशी सहमत आहे, पण अर्ज देण्यापूर्वी एक धोका नीट समजून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत रॅगिंगला साथ देणे हेही रॅगिंगमध्येच धरले आहे, त्यामुळे ‘मी फक्त चित्रीकरण केले’ हा बचाव फार काळ टिकणार नाही. त्याच विनियमांतील शिक्षांच्या यादीत, संस्थेचे प्रतिनिधित्व करण्यास कोणत्याही स्पर्धेत मनाई, ही शिक्षा शब्दशः आहे. म्हणजे भाच्याला खेळापासून दूर ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नक्की आहे. पण तीच यादी पुढे वसतिगृहातून काढणे, एक ते चार सत्रांसाठी निलंबन आणि थेट हकालपट्टी येथपर्यंत जाते. आपण लेखी आदेश मागितला की महाविद्यालयाला रीतसर चौकशी करावी लागेल, आणि तिच्यातून आजच्यापेक्षा मोठी शिक्षाही निघू शकते. आपल्या भगिनींच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच.

तरीही मी लेखी मार्गच सुचवेन, कारण तो कबुलीजबाब आज कपाटात आहे म्हणून कायम तेथेच राहील असे नाही. अर्जात त्या कागदाची प्रत मागा, आणि मजकूर समजावून न सांगता सही घेतली असल्यास तसे तारखेसह नोंदवा. सही केलीच नाही असे मात्र म्हणू नका. विनियमांनुसार होणाऱ्या शिक्षेविरुद्ध संलग्न महाविद्यालयाच्या बाबतीत कुलगुरूंकडे अपील करता येते. त्याशिवाय आयोगाच्याच २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तिने १५ कार्यदिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय न पटल्यास तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे (म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरील अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. भाषेविषयी सांगायचे तर संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे शासकीय अधिकाऱ्याला किंवा प्राधिकरणाला गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. खासगी महाविद्यालयाच्या कार्यालयावर हा अनुच्छेद ताणू नये. तेथे मराठी अर्जासोबत कन्नड भाषांतर जोडले तर काम लवकर होईल.

चित्रफीत कोणत्याही परिस्थितीत पुसू नका. आणि ज्या दोघांचे फक्त आवाज आहेत त्यांच्याविषयी: दोषी ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षा करावी, असे २००९ चे विनियम सांगतात. भाचा ज्यांना वाचवतो आहे त्यांच्यामुळे अख्खा संघ अडचणीत येऊ शकतो, हे त्याला कोणीतरी समजावून सांगायला हवे.

उत्तर ३ (एका विद्यार्थ्याची आई, गोकाक)

सर्व उत्तरे वाचली. ज्याने बूट हाताने धरला होता तो मुलगा आता कुठे आहे, हे अजून कोणीच विचारलेले नाही. त्याच्या घरच्यांना माहीत नसेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. गोकाकच्या ताईंचा प्रश्न वाचून मी काल रात्री भाच्याला फोन केला आणि तेवढेच विचारले. त्या मुलाने सरावाला येणे सोडले आहे. त्याचे नाव संघाच्या यादीतून कोणी काढलेले नाही, तो आपण होऊनच येत नाही. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, ‘मामा, नावे सांगितली तर माझे खेळणे परत मिळेल का?’ मी सांगितले की ते मला माहीत नाही, आणि तेवढ्यासाठी सांगणार असशील तर आज सांगू नकोस. सकाळी त्याचा स्वतःहून फोन आला.

सोमवारी आम्ही दोघे प्राचार्यांना भेटत आहोत. अर्ज मराठीत लिहिला असून कन्नड भाषांतर मित्राने करून दिले आहे. मोबाईल माझा होता आणि चित्रीकरण मी केले, हे पहिले वाक्य भाच्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले आहे. दोघांची नावे त्याच्या पुढच्या परिच्छेदात आहेत, आणि लेखी आदेशाची, मुदतीची व कबुलीजबाबाच्या प्रतीची मागणी त्यानंतर. बहीण अजून नाराज आहे. निवड चाचणीचा अर्ज कोरा ठेवून सोबत नेतो आहोत. प्राचार्यांनी सही नाकारली तर त्याच कागदावर कारण लिहून मागावे की वेगळे पत्र मागावे, एवढे चिक्कोडीच्या सरांनी कृपया रविवारपर्यंत सांगावे.