कार्बनसाठी नवी झाडं, की आहे ते रान?

संगमेश्वरचा बागायतदार:
गेल्या पावसाआधी वाडीत एका कंपनीची माणसं आली. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत झाडं लावा, रोपं फुकट, झाडांनी शोषलेल्या कार्बनचे पैसे तुम्हाला. करार ३० वर्षांचा. मी सही केली नाही.

हिशोब मांडून बघा. सुक्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बन, आणि एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १०० किलो सुकं लाकूड असलेल्या झाडामागे १८३ किलो. एक कार्बन क्रेडिट, म्हणजे कार्बन शोषल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र, एका टनाचं, म्हणजे अशी पाच-सहा झाडं. आमच्या पातळ मातीत झाड तेवढं व्हायला किती पावसाळे जातात ते तुम्हाला माहीत आहे. इकडे शेजारच्या डोंगरातलं ऐन, किंजळ, जांभळीचं खासगी रान मात्र ट्रक भरभरून कोळशाला जातंय. ते राखणाऱ्याला कुणी छदाम देत नाही. पैसे द्यायचे तर आधी त्याला द्या.

दापोलीची काजूवाली:
दादा, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा सासऱ्यांनी वेंगुर्ला-४ जातीच्या काजूची कलमं लावली. आमचं घर त्यावर उभं राहिलं. खड्डे, कुंपण, पहिल्या उन्हाळ्यांचं पाणी हा खर्च कुणी उचलला तरच लहान शेतकरी झाड लावतो. राखणाऱ्याला मिळत नाही म्हणून लावणाऱ्यालाही नको, हा कुठला न्याय?

मालवणातून:
आमच्या सातबाऱ्यार चवदा नावां आसत, त्यातली नऊ मुंबैक. सही कोण करतलो?

संगमेश्वरचा बागायतदार:
ताई, काजू तीन-चार वर्षांत हातात पैसा देतो. कार्बनचा पैसा झाडांचे घेर मोजून, तपासणी होऊन मग. आणि ३ जून २०२० विसरलात? निसर्ग वादळात तुमच्याच भागात आंबे-पोफळी मुळासकट गेल्या. करारातली झाडं अशी गेली तर तूट कुणाच्या माथी? कागदात त्याबद्दल अक्षर नव्हतं. विचारलं तर "बघू" म्हणाले.

दापोलीची काजूवाली:
विसरेन कशी? आमचीही कलमं आडवी झाली. म्हणून तर म्हणते, वादळ आणि वणव्याची जोखीम कंपनीची, हे मराठीत लिहून घ्या आणि मगच सही करा. वाडीने मिळून अडून बसलं तर ऐकावं लागेल त्यांना.

राजापूरहून:
तुम्ही दोघांनीही सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, सोडून दिलात. या लोकांना 'पडीक' म्हणून आधी तोच दिसतो. सडा पडीक नाही हो! पावसात तिथे गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, गुरांचं गवत तिथलं, खालच्या विहिरींचं पाणी तिथूनच मुरतं. बारसू आणि देवाचे गोठणे इथली कातळशिल्पंही सड्यावरच आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत. सुरुंग लावून, बाहेरची माती भरून तिथे झाडं कोंबणं हा नाशच आहे.

संगमेश्वरचा बागायतदार:
सड्याचं शंभर टक्के मान्य. ताईंची अटही मान्य, तशी लिहून दिली तर बांधावर लावीन. पण आमच्या घरच्या किंजळीच्या रानाचं काय? परवा ठेकेदार पुन्हा येऊन गेला. तो रोख देतो, आजच्या आज. भाऊ दोन वर्षं मुलीच्या फीसाठी हात पसरतोय, त्याला मी किती दिवस थांबवू? उभ्या रानाला पैसे देणारी योजना कुणाला माहीत असेल तर सांगा.