तक्रारीची चौकशी माझ्या गळ्यात पडलीये, सुरुवात कुठून करू?

दोन सहकाऱ्यांचं भांडण, एकाने लेखी तक्रार दिलीय. आधी कोणाशी बोलू?

↪ आधी बघ दोघांपैकी कोणी तुझा मित्र आहे का, असेल तर सरळ नाही म्हण. नसेल तर मेल, सीसीटीव्ही फुटेज आजच सेव्ह कर, त्यावर काही दिवसांनी नवीन रेकॉर्डिंग चढतं.

↪ साक्षीदारांना एकेकटं भेट, एकत्र बसवलंस की सगळे एकच पाढा वाचतात, आणि "त्याने शिवी दिली ना?" असं नको, "काय झालं?" एवढंच विचार आणि गप्प बस. हे गप्प बसणंच जमत नाही राव!

↪ ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू ऐकल्याशिवाय रिपोर्ट लिहू नको. पाहिलेलं वेगळं, ऐकीव वेगळं लिही.

↪ अरे देवा, तक्रार देणारा माझा मित्रच आहे 😅