नव्याण्णव मेंढरांच्या बाजूनं कोण बोलणार?

मागचा_बाक
आमच्या मंडळीच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरली. थोडक्यात अशी: "लूक १५ वाचा. रविवार न चुकवणाऱ्या नव्याण्णव जणांपेक्षा गुत्त्यावरून परत आलेल्या एकासाठी स्वर्गात जास्त आनंद होतो. तेव्हा जुन्या सभासदांनी कुणाची साक्ष ऐकताना तोंडं वाकडी करू नयेत." लूक १५ म्हणजे बायबलमधले येशूचे तीन दाखले: शंभरातलं हरवलेलं एक मेंढरू, हरवलेलं नाणं आणि उधळा पुत्र. साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगणं. पोस्टखाली आमेनची रांग. माझ्याच्यानं आमेन लिहवेना, म्हणून इथं लिहितेय.

मी चौथीत होते तेव्हापासून वडील प्यायचे. आईनं शिलाई मशीनवर आम्हा तिघांना वाढवलं. एका रात्री त्यांनी तिचा हात पिरगळला. मनगट मोडलं. नीट बसलं नाही, त्यामुळे आजही तिला कात्री धरून सलग काम होत नाही. पुढे एका संजीवन सभेत वडिलांचं मन पालटलं आणि दारू सुटली. त्याबद्दल मी देवाचे उपकार मानते, अगदी मनापासून. पण गेली १४ वर्षं ते गावोगाव साक्ष देतात. साक्षीत दारू असते, गटार असतं, देवाचा हात असतो. आईचा हात नसतो. लोक टाळ्या वाजवतात, "हालेलुया" म्हणतात, आणि ती मागच्या बाकावर बसून ऐकते. तिची माफी त्यांनी आजवर मागितलेली नाही.

स्वर्गात आनंद झाला असेल, तर तिला विचारून झाला का? मला एवढंच कळायचंय.

वसईकर
ताई, तुमच्या आईबद्दल वाचून गलबललं. पण तुमचा रोख चुकतोय. येशू हे कुणाला सांगत होता? परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे लोक, कुरकुर करत होते, की हा पाप्यांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो. त्यांच्यासाठी हे दाखले आहेत, नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईसाठी नाहीत. शिवाय "पश्चात्तापाची गरज नसलेले नव्याण्णव" आहेत तरी कोण? रोमकरांस पत्रात ३:२३ ला सरळ म्हटलंय, सर्वांनी पाप केलंय.

आता माझं ऐका. माझा धाकटा भाऊ तीन वर्षं तुरुंगात होता. सुटून आल्यावर पहिल्या रविवारी मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, गेलो, तर बाकावरची माणसं सरकून बसली. जागा करायला नाही, लांब व्हायला. शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्यासमोर एक हात आला नाही. तो नंतर सहा महिने देवळात फिरकला नाही. असल्या नव्याण्णवांच्या बाजूनं बोलायला मला सांगू नका.

मागचा_बाक
त्याला बाकावर जागा द्यायलाच हवी होती. माझं भांडण जागेशी नाही, माईकशी आहे. लूकच १९ व्या अध्यायात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट सांगतो. जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. निर्गम २२ मध्ये चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं द्यायला सांगितली आहेत, म्हणजे तो स्वतःला चोराचीच शिक्षा लावून घेतोय. त्यानंतर येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. आणि मत्तय ५:२३-२४? वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. वडील १४ वर्षं वेदीपाशीच उभे आहेत.

वसईकर
जक्कयाच्या गोष्टीत क्रम बघा. येशूला बघायला तो झाडावर चढला होता, तेव्हाच येशूनं सांगितलं, आज तुझ्या घरी उतरणार. चौपटीचं बोलणं नंतर आलं. आणि लूक १५ मधल्या नाण्यानं काय पश्चात्ताप केला? दहातलं एक हरवलं, बाईनं दिवा लावला, घर झाडलं, सापडेपर्यंत शोधलं, मग शेजारणींना बोलावून आनंद केला. नाण्याचं यात कर्तृत्व काही नाही. मेंढराचंही नाही, त्याला खांद्यावर घातलंय. आनंद शोधणाऱ्याचा आहे. म्हणून "विचारून झाला का" हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. घरचं माणूस जिवंत सापडलं की कोण परवानगी घेत बसतं?

थोरला
नाणं आणि मेंढरू राहू द्या. तिसऱ्या दाखल्यावर, उधळ्या पुत्रावर बोला. १५:१२ मध्ये बापानं मालमत्ता दोघांत वाटून दिली. नियमशास्त्राप्रमाणे (अनुवाद २१:१७) थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे धाकटा एक तृतीयांश घेऊन गेला आणि उडवून आला. मागे उरलं ते थोरल्याचं. बाप स्वतः म्हणतो, माझं आहे ते सर्व तुझंच आहे. मग धाकटा परतल्यावर मेजवानीला पुष्ट वासरू कापलं ते कुणाच्या वाट्यातलं? झगा, अंगठी, जोडे? थोरला शेतात राबत होता, त्याला सांगायलाही कुणी गेलं नाही. वाजंत्री ऐकून चाकराला विचारावं लागलं!

माझ्या भावानं त्याच्या वाट्याची जमीन विकून पुण्यात धंदा केला, तो बुडाला. आठ वर्षं फोन नाही. आईचं डायलिसिस मी आठवड्यातून दोनदा केलं. तो परत आला आणि आईनं पुढची खोली त्याला दिली. पाळक घरी येऊन उधळ्या पुत्रावर प्रवचन देऊन गेले. मला कुणी करडूही कापलं नाही.

धाकटा
मी तुमचा भाऊ नाही, पण असाच एक आहे. तुमचा थोरला बापाशी बोलताना "माझा भाऊ" म्हणत नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. आणि वेश्यांवर पैसा उडवला हे त्याला कुठून कळलं? गोष्टीत आधी फक्त उधळपट्टीचा उल्लेख आहे. वेश्या थोरल्याच्या तोंडातून आल्या. माझ्याही भावानं गावात काय काय पसरवलं! मी दोन वेळ उपाशी झोपत होतो, त्याच्या गोष्टीत मी बारमध्ये होतो. फोन का केला नाही विचारता? उचलल्यावर काय ऐकायला लागेल ते माहीत होतं म्हणून.

थोरला
उपाशी होतात तर आईला सांगायचं. तिनं पोरासाठी अंगावरचं सोनं विकलं असतं. आणि शेवटी ते विकलं मीच, तिच्या औषधाला. तुमच्यासारखे परत येतात ते पश्चात्तापानं नाही, भुकेनं. बायबलमध्येही तसंच लिहिलंय, बापाच्या घरी मजुरांनाही भाकरी पुरून उरते हे आठवलं म्हणून तो उठला.

धाकटा
भुकेनं आलो असेन. आलो तर खरं. तुम्ही दारात उभं राहून हिशेब सांगताय.

तिसरी_बहीण
तुमची दोघांची वाटणी झाली असेल तर मी बोलते. या गोष्टीत आई नाही आणि बहीण तर नाहीच. आपल्या ख्रिस्ती घरांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी सारखे. तरी वडील गेल्यावर वर्षश्राद्धाची मिस्सा झाली आणि दुसऱ्या दिवशी मला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतली. "भाऊ तोडायचाय का तुला?" एवढं एक वाक्य पुरलं. तोच भाऊ आता उपवासकाळात चाळीस दिवस मांस सोडतो, कुमसार करतो, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करतो. सातबारा मात्र आहे तसाच. जक्कय त्याच्या देवळात वाचतच नाहीत वाटतं.

थोरला
बाई, प्रत्येक गोष्टीत जमीन आणू नका. तुमच्या लग्नाला खर्च झाला नव्हता का?

तिसरी_बहीण
जमीन तुम्ही आणलीत, वासराच्या वाट्यापासून. आणि हे लग्नाच्या खर्चाचं वाक्य माझ्या भावाचंच, शब्द न् शब्द.

पाली_वाचक
मी ख्रिस्ती नाही, वाचत होतो. आमच्याकडे मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथात अंगुलिमाल आहे, माणसं मारणारा दरोडेखोर, जो पुढे बुद्धांचा शिष्य झाला. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला जातो, तेव्हा लोकांच्या दगडांनी डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं. बुद्ध त्याला एवढंच सांगतात, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. मेजवानी नाही. ज्यांची माणसं त्यानं मारली त्यांच्या रागाला तिथं जागा आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वसईकर
दगड खाऊन माणूस सुधारत असता तर माझा भाऊ पहिल्याच रविवारी सुधारला असता.

पण रागाला जागा हवी हे मान्य. म्हणून सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगिणीची हकीकत सांगतो. २५ फेब्रुवारी १९९५ ला मध्य प्रदेशात, चालत्या बसच्या प्रवासात समुंदर सिंहनं त्यांना भोसकून मारलं. २००२ मध्ये त्यांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधली. सुटकेसाठी घरच्यांनीच रदबदली केली, २००६ मध्ये तो सुटला. पुढे केरळात त्यांच्या घरी जाऊन त्यानं माफी मागितली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. स्वर्गातला आनंद मी असा समजतो.

मागचा_बाक
ही हकीकत तुम्ही माझ्याविरुद्ध सांगितलीत, पण ती माझ्याच बाजूची आहे. राखी बहिणीनं स्वतः होऊन बांधली, मंडळीनं तिला टाळ्या वाजवायला बसवलं नव्हतं. आणि तो तिच्या घरी गेला, उंबऱ्यापर्यंत. माझ्या वडिलांना उंबरा ओलांडायचा नाही, स्वयंपाकघर बारा पावलांवर आहे.

नाण्याचं तुमचं म्हणणं पटतंय, नको असताना पटतंय. माझ्या वडिलांसाठीही कुणीतरी दिवा लावून घर झाडलं. ती आईच होती. रोज रात्री अंथरुणावर बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, मोडलेला हात मांडीवर ठेवून. तर मग आनंदाच्या दिवशी शेजारणींना बोलवायचा मान तिचा, साक्षीत नाव तिचं. पुढच्या रविवारी त्यांची पुन्हा साक्ष आहे. काल मी त्यांना मनगटाबद्दल विचारलं. ते पेपर वाचत राहिले. पान मात्र उलटलं नाही बराच वेळ.

वसईकर
पुढच्या रविवारचं कळवा. आईंना पुढच्या बाकावर बसवा, निदान तेवढं तुमच्या हातात आहे.

थोरला
वासराबद्दलचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. धाकट्यांना काय वाटायचं ते वाटो. पण तिसऱ्या बहिणीला एक सांगायचंय. आमच्या कपाटातही असा एक कागद आहे, आमच्या ताईच्या सहीचा. २००९ चा. तिला फोन करावा म्हणतोय.

तिसरी_बहीण
फोन नंतर करा. आधी वकिलाला विचारून या, तिच्या नावानं बक्षीसपत्र करायला काय लागतं ते.